आपला काळा पाषाण
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



गेल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळातील एका नव्या सुनेने मला एक प्रश्न विचारला. हातात पन्ह्याचा पेला होता आणि समोर खिडकीतून पांडवगड दिसत होता. ती म्हणाली, "बाई, हा मेलेला ज्वालामुखी आहे म्हणतात, खरे का? आणि मेलेला असला, तरी पुन्हा जागा नाही ना व्हायचा?" सगळ्याजणी हसल्या. मला मात्र हसू आले नाही. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, पण इतका नेमका प्रश्न मला फार थोड्या मुलींनी विचारला असेल. त्या दिवशी पन्हे संपेपर्यंत जमले तेवढे सांगितले. उरलेले आज सांगते. मी काही मोठी व्याख्याती नव्हे, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

पहिल्याप्रथम उत्तर देऊन टाकते. पांडवगड हा ज्वालामुखी नव्हे. मात्र तो ज्या दगडाचा बनला आहे, तो दगड आगीतूनच आला आहे. या दोन वाक्यांत विरोध वाटेल, म्हणून जरा फोड करून सांगते.

ज्वालामुखी म्हटला की चित्रातला उंच शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या टोकाला धुराचे तोंड आपल्या डोळ्यांपुढे येते. आपल्या दख्खनमध्ये बहुतेक ठिकाणी तसे घडले नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी येथील जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला, पातळ रस बाहेर आला. दूध उतू जावे तसा तो बाहेर येई आणि पसरत जाई. एक थर निवला की काही काळाने त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. ताटात एकावर एक धिरडी रचावीत तशी ही रचना आहे. यातला बहुतेक रस दहा लाख वर्षांच्या आतच ओतला गेला, असे आता मानतात. आपल्याला दहा लाख वर्षे म्हणजे न संपणारा काळ. पृथ्वीच्या हिशेबाने तो एका सकाळचा स्वयंपाक!

आजही हा काळा दगड सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. बहुतेक सगळा महाराष्ट्र त्यात येतो, शिवाय मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक आणि तेलंगण यांचे भाग. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. भूगर्भशास्त्रज्ञांनी या थरांना नावे दिली आहेत, आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्यांतल्या वरच्या थरांच्या गटाला आपल्या वाईचे नाव आहे! त्या वाई गटात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावांची पोटथरे आहेत. जगाच्या कुठल्याही विद्यापीठात या दगडाचा अभ्यास करणाऱ्याला 'वाई' हा शब्द शिकावाच लागतो.

मग डोंगर कसे झाले? ते वर उचलले गेले म्हणून नव्हेत, तर भोवतालचे वाहून गेले म्हणून उरले. कोट्यवधी पावसाळ्यांनी आणि कृष्णेसारख्या नद्यांनी हा दगड कापून नेला. ताटातल्या वड्या काढल्यावर कोपऱ्याला एखादा तुकडा राहतो, तसा पांडवगड राहिला आहे. थर कठीण असेल तेथे उभा कडा राहतो, ठिसूळ असेल तेथे उतार होतो. म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात. या दगडाला इंग्रज लोक 'ट्रॅप' म्हणत. तो शब्द स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला. शिवाजी महाराजांच्या गडांना जे ताशीव कडे लाभले, ते या पायऱ्यांचेच.

पुढच्या वेळी पसरणीच्या घाटातून पाचगणीला जाल तेव्हा गाडीतून कड्याकडे पाहा. सह्याद्रीच्या घाटांत दोन काळ्या थरांच्या मध्ये कोठे कोठे विटेसारखा लाल पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मध्ये जो शांततेचा काळ गेला, त्यात दगडाची माती झाली. तीच ही माती, वरून आलेल्या नव्या रसाखाली गाडली गेलेली. अशा शांततेच्या काळात तळी साचत, झाडे उगवत. मुंबईत वरळीला अशा थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे, लाव्ह्याच्या खालच्या थरात, डायनोसॉर नावाच्या प्रचंड प्राण्यांची हाडे आणि दगड झालेले शेण मिळाले. भगिनींनो, शेण म्हणून नाक मुरडू नका. त्या शेणात गवताचे सूक्ष्म कण निघाले, आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की, भाताच्या आणि बांबूच्या कुळाशी नाते सांगणारी गवते त्या काळीही आपल्याकडे होती. पुढे ते प्राणी नाहीसे झाले. मेक्सिकोजवळ आदळलेली प्रचंड अशनी त्याला कारण झाली. आपल्या लाव्ह्यातून निघालेल्या विषारी वायूंचा त्यात वाटा किती, यावर विद्वानांचा वाद अजून चालू आहे.

आता आपल्या सुनबाईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पुन्हा आग पेटेल का? तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. जमिनीच्या पोटातल्या ज्या चुलीवर हे सारे शिजले, ती चूल आता आपल्या खाली राहिलेलीच नाही. आपली भूमी फार सावकाश उत्तरेकडे सरकत आली आणि चूल मागे राहिली. आज ती हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तेथला ज्वालामुखी अजून पेटतो. शेजारचे मॉरिशस बेटही त्याच चुलीवर तयार झाले. आपली मराठी माणसे मॉरिशसला उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली. तेथल्या शेतांत वेचून रचलेल्या काळ्या दगडांचे ढीग आजही दिसतात. घर सोडून हजारो कोस गेलेल्या त्या माणसांच्या हाती पुन्हा त्याच चुलीचा दगड आला, हे पाहून मन भरून येते.

काही गैरसमजही दूर करते. वज्रेश्वरीची किंवा उन्हवऱ्याची गरम पाण्याची कुंडे ज्वालामुखीमुळे तापत नाहीत. भेगांतून खोल गेलेले पाणी तेथल्या नेहमीच्या उष्णतेने तापून वर येते. लोणारचे सरोवर हे ज्वालामुखीचे तोंड नव्हे; ते आकाशातून पडलेल्या अशनीने झालेले विवर आहे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंपही ज्वालामुखीचा नव्हता. शास्त्रज्ञ त्याचा संबंध धरणात साठलेल्या पाण्याशी जोडतात. भारतात आज जागता असा ज्वालामुखी एकच, तो दूर अंदमानात, बॅरन बेटावर.

तर आग विझली. दगड मात्र आपल्या संसारात राहिला. आपले जाते, पाटा-वरवंटा आणि उखळ याच दगडाचे. कृष्णेचे घाट याचेच. आठव्या शतकात वेरूळचे कैलास लेणे कोरले तेही यातच. कापसाची काळी माती ही याच दगडाची झिजून झालेली माती, आणि पाचगणीच्या पठारावरचा जांभा हेही त्याचेच दुसरे रूप. पण आज मला बोलायचे आहे ते पाण्याविषयी, कारण या दगडाशी आपला खरा व्यवहार पाण्याचाच आहे.

माझे माहेर माण तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात मी आठवीत होते. शाळा सुटली की आईबरोबर खडी फोडायला जाई. तेव्हा हा दगड मी हातोडीने ओळखला. काही दगड घणालाही दाद देत नसत. काही भोकाभोकांचे, चटकन फुटणारे, आणि त्यांत पांढरे चमकते खडे. त्या वेळी कारण कळले नाही. पुढे कॉलेजात कळले. लाव्ह्याचा थर निवताना वायू वर येतात, म्हणून घावनाला जाळी पडते तशी वरच्या भागाला जाळी पडते. मधला भाग मात्र घट्ट, एकसंध राहतो. झिजलेला, भेगाळलेला, जाळीचा भाग पाणी धरतो. घट्ट भागात भेग सापडली तर पाणी, नाही तर कोरडा फुफाटा.

आमच्या वडिलांची विहीर चाळीस फुटांची, जाळीच्या दगडात खणलेली. वडील गेल्यावर भावाने पहिली बोअर घेतली. दोनशे फुटांना पाणी लागले आणि चार वर्षे चालले. मग शेजाऱ्यांनीही बोअरी घेतल्या आणि पाणी आटले. दुसरी साडेतीनशे फूट गेली, कोरडी. तिसऱ्या बोअरसाठी वहिनीने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. पाचशे फुटांपर्यंत नुसती करडी धूळ उडाली. एव्हाना जुन्या विहिरीत अर्ध्या गावाचा केरकचरा पडत होता.

वहिनी माझी चौथी शिकलेली. तिने मला एवढेच विचारले, "वन्सं, खाली पाणी येतं कुठून?" मी म्हटले, "वरून. पावसाचं." ती म्हणाली, "मग आपण खाली काय शोधतोय?" माझी सारी भूगोलाची पदवी त्या एका प्रश्नापुढे फिकी पडली. दोन उन्हाळे लागले. वाडीतल्या बायकांनी विहिरीतला गाळ काढला आणि वरच्या ओढ्याला दगडांचे बांध घातले. चमत्कार झाला नाही. आता पाणी चैत्रापर्यंत पुरते. वैशाखात अजूनही टँकरची वाट पाहावी लागते. वहिनीच्या पाटल्या काही परत आल्या नाहीत. पण चौथी बोअर कोणी घेतली नाही.

भगिनींनो, आपण कृष्णेच्या काठी राहतो, म्हणून हे दुःख आपल्याला लांबचे वाटते. पण आपल्यापैकी निम्म्याजणींची माहेरे कोरड्या गावांत आहेत, आणि आपल्या मुलीही तशा घरी जाणार आहेत. म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. या वर्षी दिवाळीला माहेरी जाल तेव्हा तेथल्या जुन्या विहिरीजवळ जरा थांबा. ती किती खोल आहे, कोणत्या दगडात आहे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते आणि पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत टिकत असे, हे एका कागदावर लिहून आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही उतरून घेऊ. मंडळाच्या वहीत ही नोंद राहील. आणखी कोणाच्या हातातल्या पाटल्या उतरण्याआधी कोणी ती वही उघडून पाहिली, तरी आपले काम झाले.

पांडवगड जागा होणार नाही, सुनबाई. आता जागे व्हायचे ते आपण.