पाली शिकणाऱ्याच्या भाकरीचा प्रश्न

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्षभरात काय काय झाले ते कार्यवाहांनी सांगितलेच आहे. फरशी बसली, पंखे आले. आम्हाला वीस मिनिटे दिली आहेत, ती आम्ही एकाच गोष्टीसाठी वापरणार. आपल्या रविवारच्या पाली वर्गातली एक मुलगी यंदा नेटची परीक्षा जेआरएफसह पास झाली. विषय पाली. नाव घेत नाही, ती मागे बसली आहे आणि आत्ताच खाली बघायला लागली आहे.

पेढे खाऊन झाल्यावर तिच्या घरी जे बोलणे झाले, त्याला आम्ही हजर होतो. वडील पुढच्या वर्षी रिटायर होतात. मामा म्हणाले, "सर, पाली शिकून पोट भरतं का? बँकेची परीक्षा दे म्हणावं तिला." मामांना आम्ही दोष देत नाही. हाच प्रश्न आमच्या वडिलांनी आम्हाला विचारला होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. फेलोशिप नावाची काही वस्तू असते हे कळले तेव्हा आमचे वय उलटून गेले होते. मग कारकुनी धरली. पीएच.डी. झाली ती पन्नाशीत. म्हणून मामांना उत्तर आज सगळ्यांसमोर देतो.

आधी पैशाचे बोलू, कारण प्रश्न पैशाचाच आहे. जेआरएफला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार रुपये, आणि कामाची तपासणी होऊन पुढची तीन वर्षे ४२ हजार. वसतिगृह नसेल तर घरभाडे वेगळे. पुस्तकांना, प्रवासाला थोडे वेगळे. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जातीला ५०. वयाची अट ३० वर्षे, मुलींना आणि अनुसूचित जातीच्या मुलांना पाच वर्षे सूट. १९९० पासून ही सवलत बौद्धांनाही आहे. पण जातीचा दाखला आणि पडताळणी वेळेवर करून ठेवा, ऐनवेळी तहसीलला धावू नका. याशिवाय केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप आहे, पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. दोन ठिकाणचे पैसे मात्र एका वेळी घेता येत नाहीत.

आता पाच वर्षे कशाला लागतात? वंदना पाठ असणे म्हणजे पाली येणे नव्हे, हे जरा कडू लागेल, पण खरे आहे. एकच सुत्त सिंहली, ब्रह्मी आणि थायी परंपरेच्या हस्तलिखितांत बघायचे, कुठे शब्द बदलला ते टिपायचे, संस्कृत घ्यायचे, जमल्यास तिबेटी घ्यायचे. कान्हेरीच्या भिंतींवर शंभराच्या वर लेख आहेत, ब्राह्मी लिपीत, बहुतेक प्राकृतात. आपण तिथे सहलीला जातो, डबे खातो, फोटो काढतो आणि येतो. भिंत वाचणारा आपल्या बसमध्ये कोणी नसतो.

धर्मानंद कोसंबींचे उदाहरण घ्या. गोव्याच्या साखवाळचा हा माणूस १८९९ साली घर सोडून निघाला, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला, सिलोनला जाऊन पाली शिकला. पुढे कलकत्ता विद्यापीठात अडीचशे रुपये पगार होता. तो सोडून ते महाराष्ट्रात आले, कारण सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले होते. अट अशी की महाराष्ट्रात राहायचे आणि दरसाल एक पुस्तक लिहून द्यायचे. त्या काळी फेलोशिप हा शब्द कोणी वापरला नसेल, पण वस्तू तीच. १९१० ला ते हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'च्या कामावर गेले, परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, आणि पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी तिथे घडले.

त्याच सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, हे आपल्यापैकी लहान पोरालाही ठाऊक आहे. पुढचे कमी लोक सांगतात. १९१७ साली मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, पारशी मित्राकडून कर्ज घेतले, तेव्हा कुठे १९२० ला पुन्हा लंडन. बाबासाहेबांची तीन वर्षे पैशाने खाल्ली! शाळेत संस्कृत नाकारल्यामुळे ज्यांना फारसी घ्यावी लागली, त्यांनी पुढे पालीचा कोश आणि व्याकरण तयार केले. शासनाने ते सोळाव्या खंडात छापले, १९९८ साली.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने पालीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी मराठीलाही दिला, त्यामुळे आपल्याकडे फटाके मराठीचे वाजले आणि पालीची बातमी आत कुठेतरी गेली. पण दर्ज्याने घरभाडे भरत नाही. पीएच.डी.नंतरची वाट तर आणखी अरुंद. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत ज्युनियर रिसर्च फेलोशिप असते. ग्रीक-लॅटिनमध्ये नुकती पीएच.डी. झालेल्या तरुणाला ती मिळाली की तीन-चार वर्षे शिकवण्याचा बोजा थोडा, आपले पुस्तक पुरे करायचे. आपला पालीचा डॉक्टर तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात हिंडतो.

ते आपल्या हातात नाही. एक गोष्ट मात्र आहे. फेलोशिप मंजूर होणे वेगळे आणि खात्यात पैसे येणे वेगळे. आधी गाईड मिळायला हवा, मग प्रवेश, मग कागद वर जाणार, मग दर महिन्याला संस्थेने खात्री पाठवायची. आमच्या ओळखीच्या एका मुलाचा पहिला हप्ता अकरा महिन्यांनी आला. तोवर त्याने कुरिअरच्या ऑफिसात रात्रपाळी धरली होती. पैसे आले, पण पोराचे वाचन सुटले ते सुटलेच.

नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजारांवर शेकडा महिना एक व्याज, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, चीवरासाठी. मुद्दल परत काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. याला ते अक्षयनीवि म्हणत.

आपण राजाचे जावई नाही. पण कमान रंगवायला यंदा जे जमले आहे, त्यातला अर्धा भाग बाजूला ठेवून बँकेत विहाराच्या नावे टाकावा, अशी सूचना आम्ही समितीकडे लेखी दिली आहे. ज्या मुलाची किंवा मुलीची फेलोशिप मंजूर झाली पण पैसे आले नाहीत, त्यांना दरमहा उसने द्यायचे, बिनव्याजी. हप्ता आला की त्यांनी परत भरायचे. पहिले हजार रुपये आमचे, पावती फाडून घेतली आहे. कमान पुढच्या वर्षी रंगवू. काहींना हे आवडणार नाही, त्यांनी सभेत बोलावे, बाहेर नको.

आणि मामा, तुम्ही समोरच बसला आहात. तिला अजून गाईड ठरवायचा आहे. येत्या सोमवारी आम्ही तिच्याबरोबर विद्यापीठात जातो आहोत. सकाळची सव्वासातची लोकल आहे. तुम्हीही चला.