चाकांवरचं घर कुणाच्या नावावर?

(शिरूर-दौंड भागातल्या कार्यकर्त्या मैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दसरा-दिवाळीच्या सुमाराला घोड नदीच्या पुलावरून शिरूरला आणि काष्टीकडून भीमा ओलांडून दौंडला ट्रक-ट्रॅक्टर येऊ लागतात. आष्टी, पाटोदा, पाथर्डीकडची माणसं ऊसतोडीला निघालेली असतात. ट्रॉलीत बाजरीची पोती, भांडीकुंडी, शेळ्या, पोरं आणि या सगळ्यावर बसलेली बाई. काही देशांत लोक हौसेनं जुनी गाडी सजवतात, तिच्यातच राहून भटकंती करतात. आपल्याकडेही पाच-सहा महिने घर चाकांवर जातं, पण ते पोटासाठी.

या घराची देखभाल करतं कोण? टायरगाडी असेल तर बेअरिंगला वंगण हवं, टायरची झीज पाहायला हवी, जू आणि शिवळा तपासायला हव्यात, बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायला हव्यात. ट्रॉली असेल तर जोडाची खीळ, साखळी आणि मागचा दिवा पाहायला हवा. ही कामं गडीमाणसाची म्हणून सगळ्यांना दिसतात. पण ताडपत्रीची भोकं शिवणं, कोपीचे बांबू आणि दोर जपून ठेवणं, सहा महिन्यांचं धान्य निवडणं, तिखट-मीठ बांधणं, तळावर पोचल्याबरोबर तीन दगडांची चूल मांडणं, बैलांची वैरण आणि शेण? या कामांना कुणी देखभाल म्हणत नाही. ते ‘बाईचं काम’!

आता हिशेब बघा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. राबणारी माणसं दोन, पण उचल घेणारा हात बहुतेक वेळा एकच, नवऱ्याचा. रस्त्यात टायर फुटला, बैल आजारी पडला, तर तो खर्च उचलीवर चढतो. तो फेडायला पहाटे फडात तीही उतरते, मोळ्या तीही वाहते. मग कर्ज घेताना तिला का विचारलं जात नाही? जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. ती बाईच्या हातात किती पोचली?

गाडीचा आवाज बदलला की तिला मिस्त्रीकडे नेतात. बाईचं अंग दुखलं तर? दवाखान्यात गेलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. तळावर संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही, पाळीत कापड धुवायला पाणी नाही. बीड जिल्ह्यातल्या प्रश्नावर 2019 मध्ये शासनानं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे जवळजवळ दर सहा जणींमागे एक! दुखणं वेळेवर बघायला सवड नाही, म्हणून अवयवच काढून टाकायचा, ही कुठली देखभाल?

म्हणून निघण्याच्या तयारीत वंगण आणि ताडपत्रीबरोबर आणखी काही गोष्टी बांधून घ्यायला आपण बायांना सांगू या. गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडून) मिळणारं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, तेही तिच्या स्वतःच्या नावाचं. रेशनकार्ड, कारण आता दुसऱ्या गावातही धान्य घेता येतं. गरोदर बाईचं आणि बाळाच्या लसीचं कार्ड. पोरांचं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे इथल्या शाळेत त्यांना बसता येईल. आणि एका वहीत उचलीचा, कापलेल्या पैशांचा, तोडलेल्या टनांचा हिशेब. लिहिता येत नसेल तर तळावरच्या शाळकरी पोरीकडून लिहून घ्यावा.

हे झालं त्यांच्या बाजूचं. आपल्या बाजूचं काय? त्यांनी तोडलेल्या उसावर इथले कारखाने चालतात. कोप्या पडल्या की पहिल्याच आठवड्यात आपल्यातल्या दोघी-दोघींनी तळावर जावं. पाणी, संडास आणि दिवा आहे का ते पाहावं. नसेल तर कारखान्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे लेखी मागावं. आशाताईंना सोबत न्यावं. रात्री उसाची गाडी हमरस्त्यावर येते, तिला मागून चमकणाऱ्या पट्ट्या आहेत का तेही पाहावं. त्या पट्टीवर सगळं कुटुंब अवलंबून असतं.

गाडीचं चाक सांभाळतो तसं ते घर चालवणारीलाही सांभाळलं पाहिजे. यंदाच्या हंगामात आपल्या गावाजवळचा एकही तळ न पाहिलेला राहू नये, एवढं आज ठरवून उठू या.