'विश्राम' म्हणजे आडवं होणं नाही
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळी मैदानावर खो-खोचा डाव रंगला तेव्हा मी खुर्चीवर बसून होते. "पुण्याला जाऊन मॅडम झाली," असं दोघी-तिघींनी चिडवलंही. त्याचं उत्तर आज सगळ्यांसमोर देते.

मला २०१८ पासून संधिवात आहे. उतारवयात गुडघे झिजतात तो नव्हे. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. सकाळी तास-दीड तास माझी बोटं वळत नसत. डब्याचं झाकण उघडेना, की-बोर्डवर हात चालेना. वर्षभर मी "कामाचा ताण असेल" म्हणत दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या. ती चूक माझीच.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये घरोघरी सांधेदुखीची पाहणी सुरू केली. त्यात साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला हा आजार आढळला. बायकांत तो पुरुषांच्या दोन-तीन पट असतो. म्हणजे या मंडपातही कुणाला तरी तो असू शकतो. दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, सकाळचा आखडलेपणा लवकर जात नसेल, तर माझ्यासारखं वर्ष घालवू नका.

निदान झालं, औषध सुरू झालं आणि घरचे, शेजारचे सगळे म्हणाले, "आता आराम कर." मी आठ महिने आराम केला. औषधानं सूज उतरली, पण मांड्यांतली ताकद गेली. २०२० च्या सुरुवातीला चंद्रपूरहून राजुऱ्याला येताना मला एसटीची पायरी चढता येईना. कंडक्टरदादांनी हात धरून वर घेतलं. त्या दिवशी खिडकीशी बसून मी बल्लारपूरपर्यंत रडले.

तेव्हा पीटीचा तास आठवला. सर "विश्राम" म्हणायचे तेव्हा आपण खाली बसत नव्हतो. पायांत अंतर घेऊन उभेच राहायचो.

मग डॉक्टरांना विचारून चालायला लागले. टाळेबंदीत आईकडूनच ऑफिसचं काम चालू होतं. बाहेर पडायची सोय नव्हती, त्यात तालुक्यात आरटी-१ वाघाची दहशत. ऑक्टोबरमध्ये तो पकडला जाईपर्यंत मी गच्चीवरच फेऱ्या मारल्या. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दोन महिन्यांनी अर्धा तास.

व्यायामानं सांधे आणखी झिजतील ही भीती मलाही होती. नेदरलँड्समध्ये ३०९ रुग्णांचा दोन वर्षं अभ्यास झाला; तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटानं आठवड्यातून दोनदा सव्वा तास चांगला जोरकस व्यायाम केला. त्यांची हालचाल सुधारली, आजार वाढला नाही. मात्र ज्यांचे मोठे सांधे आधीच बरेच खराब होते, त्यांनी जपून करावं असंही त्यातून दिसलं.

माझी पद्धत साधी आहे. मे महिन्यात आपल्याकडे कुणी काम सोडत नाही, कामाची वेळ बदलतो. तसं माझं. सकाळ आखडलेली, म्हणून व्यायाम संध्याकाळी. चालणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, रबरी पट्ट्यानं दंडांचा व्यायाम. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांनीही उतरलं नाही, तर पुढच्या वेळी कमी करायचं. सांधा गरम आणि सुजलेला असेल तर त्या सांध्याला विश्रांती, सगळ्या अंगाला नाही. कढई दोन्ही हातांनी उचलायची, पिशवी बोटांत न धरता कोपरात अडकवायची. आणि औषध चालूच. व्यायाम त्याची जागा घेत नाही.

काही गोष्टी गेल्या. खो-खोतलं झटकन बसणं-उठणं आणि गिरकी माझ्या घोट्यांना झेपत नाही. त्याचं वाईट वाटतं, आज सकाळी जास्तच वाटलं. पण एसटीची पायरी आता मी एकटी चढते.

आज ऊन उतरलं की मी मैदानाला पाच फेऱ्या मारणार आहे. चिडवणाऱ्यांनी तरी सोबत यावं. सर, तुम्हीही या. "विश्राम" मात्र म्हणू नका.