जाहिरातीचा कागद काय करतो, काय करत नाही



आज आपल्याला जाहिरातीविषयी बोलायचे आहे. जाहिरात म्हटली की ती मोठ्या शहराची, मोठ्या कंपन्यांची, असे आपल्या मनात येते. पण आपल्या बचत गटाने नाचणीचे पापड केले आणि 'येथे पापड मिळतील' असे लिहून दाराला कागद लावला, तर तीही जाहिरातच झाली. मोबाईलवर पापडाचा फोटो आणि खाली चार ओळी पाठवल्या, तीही जाहिरातच. तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. तेव्हा हा कागद आपला आपण लिहावा. मात्र त्याच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे आधी समजून घ्या. कारण गटाने कर्ज काढून नाचणी आणि उडीद घेतलेले असतात. माल पडून राहिला तरी हप्ता थांबत नाही.

बोलणाऱ्याची माती खपते, असे लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, माती एकदाच खपते. दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक पैसे परत मागायला येते!

चांगला लिहिलेला कागद तीन कामे करतो. ज्याला वस्तू हवी आहे पण ती कुठे मिळते हे ठाऊक नाही, त्याला पत्ता सांगतो. ज्याच्या मनात शंका आहे, तिचे उत्तर देतो. आणि पुढे काय करायचे, म्हणजे कुठे यायचे, कोणाला विचारायचे, पैसे किती आणायचे, ते सांगतो.

कागद काय करत नाही? नको असलेली वस्तू तो हवीशी करत नाही. खवट पापड ताजा करत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि मनात घट्ट बसलेला समज तो एका दिवसात काढत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. अशी समजूत नुसत्या शब्दांनी जात नाही. नांगर शेतात चाललेला आणि पीक उभे राहिलेले डोळ्यांनी बघावे लागते. पुढे १९२० साली याच कारखान्याने मालाची माहिती देण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. आधी माल, मग कागद, हा क्रम लक्षात ठेवा.

आता थोडा हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या. समजा, ५०० कागद छापायला ५०० रुपये लागले. एका पाकिटामागे नफा २० रुपये. तर खर्च भरून यायला किती पाकिटे विकली पाहिजेत? पंचवीस. म्हणजे वीस कागदांमागे एक पाकीट. हे सोपे नाही बरे का! घरोघर वाटलेले बरेच कागद न वाचताच चुलीत जातात. समजा, पंधराच पाकिटे गेली. ३०० रुपये आले, २०० अंगावर राहिले. मग कागद फुकट गेला का? थांबा. त्या पंधरा जणांपैकी दहा जण पुढच्या महिन्यात पुन्हा आले, तर २०० रुपये फिटले. तिसऱ्या महिन्यात ते पुन्हा आले, तर तो निव्वळ नफा. पहिली विक्री कागद आणतो. दुसरी विक्री पापड आणतो.

मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तीच आजची लिज्जत पापडाची संस्था. चार पाकिटांपासून सुरुवात झाली, यात कमीपणा काहीच नाही.

आता लिहायचे कसे ते बघू. पुष्कळ कागदांवर असे लिहिलेले असते : 'खुशखबर! सर्वोत्कृष्ट, दर्जेदार, रुचकर नाचणी पापड! खा आणि मधुमेह पळवा!'

यातले कोणते शब्द गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे आहेत? 'नाचणी पापड' एवढेच. 'सर्वोत्कृष्ट' तर सगळेच लिहितात. शेवटचे वाक्य मात्र नुसते निरुपयोगी नाही, धोक्याचे आहे. पापडाने मधुमेह जात नाही. हा कागद वाचून एखाद्या म्हाताऱ्या माणसाने डॉक्टरांची गोळी सोडली, तर त्याच्या जिवाशी खेळ होईल. कायदाही कडक आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात खाण्याच्या वस्तूची दिशाभूल करणारी जाहिरात केली, तर १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कोणी म्हणेल, "गुरुजी, सगळेच तसे लिहितात!" लिहू द्या. दंड भरायची वेळ आली की कोणी वाटून घेत नाही.

आता हाच कागद असा लिहून बघा :

'नाचणीचे पापड. पाकीट २०० ग्रॅम, किंमत ८० रुपये. नाचणी, उडीद डाळ, जिरे, हिंग, मीठ, पापडखार. रंग घातलेला नाही. तळून किंवा भाजून खाता येतात. दर मंगळवारी बाजारात, मारुतीच्या देवळासमोर मिळतील. पाकिटात तुकडे निघाले, तर पाकीट बदलून देऊ.'

यात एकही मोठा शब्द नाही. पण विचारायचे कोणी शिल्लकही राहिले नाही. मात्र यातला प्रत्येक शब्द खरा हवा. बदलून देऊ म्हटले, की बदलून दिले पाहिजे. हे झाले वाटायच्या कागदाचे. पाकिटाची चिठ्ठी वेगळी. तिच्यावर करणाऱ्याचे नाव-पत्ता, वजन, जास्तीत जास्त किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगले राहतील ते, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक हवा.

लिहिणे सुधारायचे कसे? चार गोष्टी करा.

एक, नेहमी येणाऱ्या बायकांना विचारा, "ताई, तुम्ही आमचेच पापड का नेता?" कोणी म्हणेल, "दातांना चिकटत नाहीत." कोणी म्हणेल, "पोरांना भाजून देता येतात." हे शब्द जसेच्या तसे उतरून घ्या. आपल्या डोक्यातून काढलेल्या वाक्यापेक्षा ते चांगले असतात.

दोन, एका कागदावर एकच वस्तू. पापड, लोणचे, मसाले आणि शिलाई एकत्र कोंबले, की वाचणाऱ्याच्या ध्यानात काहीच राहत नाही.

तीन, लिहिलेला कागद वर्गातल्या दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे तो अडखळेल, तिथे शब्द बदला.

चार, मोजा. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाचा जाहिरात लिहिणारा होता. १९२३ साली त्याने या कामावर पुस्तक लिहिले. जाहिरातीत कापून पाठवायची चिठ्ठी ठेवायची आणि कोणत्या जाहिरातीच्या चिठ्ठ्या किती आल्या ते मोजायचे, ही त्याची रीत. आपल्यालाही ती जमते. अर्ध्या कागदांवर वर लिहा 'दातांना न चिकटणारे पापड', कोपऱ्यात खूण 'अ'. अर्ध्यांवर लिहा 'भाजूनही चालणारे पापड', खूण 'ब'. बाकी मजकूर तोच. खाली लिहा, 'हा कागद आणा, दोन पापड जास्त न्या.' दोन्ही कागद एकाच दिवशी, एकाच आळीत, आलटून पालटून वाटा. मग आलेले कागद मोजा. 'अ' चार आणि 'ब' पाच आले, तर त्यावरून काही ठरवू नका, तो योगायोग असेल. पण 'अ' तीन आणि 'ब' चौदा आले, तर पुढच्या वेळी 'ब' छापा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.

लिहिता येऊ लागले म्हणजे माणसाच्या हाती एक ताकद येते. त्या ताकदीने दुसऱ्याला फसवताही येते आणि खरी गोष्ट चार घरे पुढे पोचवताही येते. तुमचे गिऱ्हाईक बहुधा तुमच्याच पंचक्रोशीतले असते. उद्या ते पाणवठ्यावर, एस.टी.त, लग्नात भेटणार आहे. तेव्हा त्याच्या नजरेला नजर देता येईल, एवढेच कागदावर लिहा.

पुढच्या मंगळवारी प्रत्येकाने आपल्या वस्तूवर सहा ओळी लिहून आणाव्यात. आपण त्या येथे मोठ्याने वाचू.