फ्यूज कोणाचे रक्षण करतो?
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी विजेच्या तारांविषयी बोलावे, हे कोणास रूक्ष वाटेल. परंतु पहिल्या पावसाबरोबर आपल्या भागात एक वार्ता कानी येतेच : अमक्या गावी मोटार चालू करताना माणूस चिकटला, तमक्या शेतात तुटलेल्या तारेवर बैल पडला. म्हणून हा विषय आज घेतला आहे.

शिवसमुद्रमची वीज 1902 साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली. बिदर-गुलबर्ग्याचा मुलूख तेव्हा निजामी राज्यात होता. आपल्या खेड्यांना दिव्याची वाट फार काळ पाहावी लागली. आज मांजरेच्या काठचा ऊस असो की आळंदकडची विहीर, मोटारीवाचून चालत नाही. वीज घरात आली, पण तिचा स्वभाव आपल्या ओळखीचा झाला नाही.

वीज रहाटगाडग्याच्या माळेसारखी आहे. माळ वर जाते तशीच खाली परत येते. मध्ये तुटली की रहाट थांबला. विजेलाही जाण्याची आणि परतण्याची वाट लागते. या पूर्ण वाटेस शाळेच्या पुस्तकात परिपथ म्हणतात. फेजच्या तारेने वीज येते, न्यूट्रलच्या तारेने परतते. बटण दाबणे म्हणजे ही वाट जोडणे. या वाटेवर किती प्रवाह वाहील, याचा नियम गेओर्ग ओम या जर्मन शिक्षकाने 1827 साली प्रसिद्ध केला : दाबाला रोधाने भागा, प्रवाह मिळतो. आपल्या घरी दाब 230 व्होल्ट असतो.

आता कोणी विचारील, मी फक्त एकाच तारेला हात लावला, मग धक्का का बसावा? कारण असे की गावच्या डीपीपाशी न्यूट्रलची तार जमिनीत पुरलेली असते. त्यामुळे जमीन हीच परतीची दुसरी वाट होते. अनवाणी, ओल्या मातीत उभ्या माणसाने फेजला हात लावला की परिपथ त्याच्या देहातून पूर्ण होतो.

हिशेब करू. ओल्या देहाचा रोध सुमारे 1000 ओहम धरा. 230 ला 1000 ने भागले की 0.23 अँपिअर, म्हणजे 230 मिलिअँपिअर. साठ वॅटच्या दिव्यालाही याहून थोडा अधिक प्रवाह लागतो! परंतु 10 मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि तार सोडवत नाही. 30 च्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. आणि आपला फ्यूज? तो 5 अँपिअरचा. त्याच्या लेखी एक दिवा लागला, इतकेच. माणूस जाईल, फ्यूज जाणार नाही. फ्यूज किंवा एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे.

माणसासाठी दोन उपाय आहेत. पहिला अर्थिंग. मोटारीची लोखंडी काया तारेने जमिनीला जोडली म्हणजे आत गळती होताच प्रवाह त्या सोप्या वाटेने जातो. मात्र ती वाट खरोखर सोपी हवी. बिदरच्या पठारावर जांभा दगड आहे. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. काळ्या रानाला भेगा पडतात आणि माती सळईपासून सुटते. अशा ठिकाणी अर्थिंगचा रोध 100 ओहम झाला, तर गळतीचा प्रवाह जेमतेम 2.3 अँपिअर. फ्यूज शाबूत, आणि मोटारीची काया विजेने भारलेली! म्हणून अर्थिंगचा खड्डा खोल घ्यावा, उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे, आणि जाणत्या वायरमनकडून दरवर्षी तो तपासून घ्यावा.

दुसरा उपाय म्हणजे गळती ओळखणारा स्विच. बाजारात त्यास आरसीसीबी म्हणतात. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांचा तो सतत मेळ घेतो. 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की निमिषार्धात वीज तोडतो. अर्थिंग कमजोर असले तरी तो काम करतो. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर मात्र त्याचाही इलाज नाही. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

काही गोष्टी मात्र निक्षून सांगतो. फ्यूजमध्ये जाड तार घालू नये. आकडा टाकू नये. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडू नये. त्या कुंपणाला शेजाऱ्याचे पोर ओळखता येत नाही. कपड्यांची तार विजेच्या खांबाला बांधू नये. तार तुटून पडली तर दहा मीटर दूर राहावे आणि 1912 क्रमांकावर कळवावे. तिच्याभोवतीच्या जमिनीतही दाब असतो. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून ती आधी पडतात.

कोणी चिकटलाच तर त्याला ओढू नका. एकाच्या जागी दोघे जातात. प्रथम मेन स्विच बंद करा. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने घरातली तार दूर सारा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला 108 ला फोन करू द्या.

मंडळी, दानधर्माने आपण शाळा उभारतो, रुग्णांना औषध देतो. घरातील कर्ता माणूस विहिरीवरून सुखरूप परतणे, हेही त्याच पुण्यात मोजावे. या महोत्सवी वर्षात प्रत्येक सभासदाने आपल्या घरची आणि मळ्यातली अर्थिंग तपासून घ्यावी, गळतीचा स्विच बसवावा, आणि ज्याला तो परवडत नाही अशा एका शेजाऱ्यास हातभार लावावा, एवढी विनंती करतो.