आपले दप्तर आपल्या घरी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी कोणी वकिली करतात, कोणी वैद्यकी, कोणी बांधकामाचे ठेके घेतात, तर अनेक तरुण संगणकाच्या क्षेत्रात नाव मिळवीत आहेत. व्यवसाय भिन्न असले तरी कामाची टिपणे सर्वांसच ठेवावी लागतात. कोणत्या अशिलास काय सांगितले, कोणता हिशेब कशाच्या आधारे केला, कोणती अडचण कशाने सुटली, हे ज्यात असते ती टिपणे म्हणजे व्यवसायातील खरी मिळकत होय. ही मिळकत आज आपण कोठे ठेवीत आहो, एवढाच माझा आजचा विषय आहे.

बहुतेकांची टिपणे आता ‘क्लाउड’वर असतात. नाव आकाशातले असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. दुसऱ्याच्या मालकीचे, दूर कोठेतरी चालणारे संगणक म्हणजे क्लाउड. त्याची सोय मी नाकारीत नाही; फोन हरवला तरी टिपण राहते, कचेरीत लिहिलेले घरी वाचता येते. परंतु तेथे आपण भाडेकरू असतो, आणि अटी घरमालकाच्या असतात. ‘एव्हरनोट’ ही टिपणांची प्रसिद्ध सेवा. २०२३ च्या डिसेंबरात तिने विनामूल्य वापरणाऱ्यांस ५० टिपणे व एक वही एवढीच मर्यादा घातली. ‘याहू ग्रुप्स’वर कित्येक मंडळांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार साठला होता, तो साठा काढून टाकण्यात आला, आणि २०२० च्या डिसेंबरात ती सेवाच बंद झाली. यास कोणाचा दुष्ट हेतू लागत नाही. धंद्याचे गणित बदलले की पुरे.

उलट आपल्याकडील उदाहरण पाहा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. त्यांतील कितीतरी कागद घरोघरच्या दप्तरांतून मिळाले. कागद घरात होते, आणि मोडी जाणणाऱ्या कोणासही ते वाचता येत होते. म्हणून ते उपयोगी पडले. या दोन्ही गोष्टी आजही साधतात. टिपणे साध्या मजकुराच्या फायलींत लिहावी आणि त्या स्वतःच्या संगणकावर ठेवाव्या. ‘ऑब्सिडियन’सारखी साधने हेच करतात, उद्या ते साधन नाहीसे झाले तरी फायली दुसऱ्या कोणत्याही साध्या साधनाने उघडतात.

मात्र घरातले सर्व सुरक्षित, असेही समजू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यात नदीकाठच्या घरांतील वह्या व कागदपत्रे पाण्यात गेली. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळावा. ती दूरची प्रत संकेताने कुलूपबंद करून क्लाउडवर ठेवण्यास हरकत नाही. नोकरीतील गोपनीय कागद मात्र मालकाच्या अनुमतीवाचून घरी आणू नयेत.

आणि शेवटची विनंती. कुलपाचा संकेतशब्द आणि टिपणांची जागा घरातील एका विश्वासू माणसास ठाऊक असू द्या. वडिलांच्या पश्चात त्यांचे चाळीस वर्षांचे अनुभव मुलांस उघडताच येऊ नयेत, यासारखी हानी नाही. या आठवड्यातच प्रत्येकाने आपली टिपणे उतरवून घ्यावी, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.