कॉनरच्या घरातली पहिली बायको



वर्धापनदिनाला आपल्यातली एखादी जिजाबाई होते, एखादी आनंदीबाई होते, आणि तासाभरात रंग पुसून घरी जाऊन भात टाकते. अमेरिकेत काही जुन्या घरांतून हे सोंग दिवसभर चालते. त्यातल्या एका घराची हकिगत आज सांगावयाची आहे.

इंडियाना राज्यात व्हाइट नदीच्या काठी विल्यम कॉनर या व्यापाऱ्याने १८२३ साली विटांचे दुमजली घर बांधले. तो मुलूख तेव्हा गोऱ्या वसाहतीची सरहद्द होता. पुढे घर मोडकळीस आले. १९३४ साली एली लिली या औषधांच्या कारखानदाराने ते विकत घेऊन दुरुस्त केले. आज तिथे ‘कॉनर प्रेरी’ हे संग्रहालय आहे. घराजवळ जुन्या इमारती आणून एक खेडे वसवले आहे. त्या खेड्यात साल ठरलेले : १८३६. तिथली बाई त्या काळची लुगडी म्हणजे घोळदार झगे घालून वावरते आणि ‘मी’ म्हणूनच बोलते. राखेचे पाणी नि चरबी घेऊन साबण करते. बिडाच्या भांड्यात पाव भाजते, झाकणावर निखारे ठेवून. आपल्या कोकणातल्या धोंडसासारखेच वरखाली विस्तव! विजेच्या दिव्याची गोष्ट काढलीत तर तिला ती कळत नाही, कारण तिचे साल अजून १८३६ आहे.

मला ही पद्धत फार आवडते. तह आणि खरेदीखते पुरुषांच्या सह्यांनी भरलेली असतात. साबणाला सही नसते. तो करून दाखवावा लागतो, तेव्हाच त्यात किती कंबर मोडते ते कळते.

पण एकदा साल ठरले की घरात कोण असणार हेही ठरते. १८३६ मध्ये कॉनरच्या घरात एलिझाबेथ चॅपमन ही त्याची पत्नी होती. ती त्याची दुसरी बायको. पहिली मेकिंजेस, लेनापी जमातीची. गोरे लोक या जमातीला डेलावेअर म्हणत. या नदीकाठी कॉनरचा व्यापार उभा राहिला तो तिच्या माणसांच्या आधारावर. दोघांना सहा मुले झाली. १८१८ साली सेंट मेरीजच्या तहाने लेनापींनी इंडियानातली जमीन सोडावी असे ठरले, आणि त्या तहाच्या वेळी दुभाषा कोण, तर विल्यम कॉनर! १८२० साली जमात पश्चिमेकडे निघाली. मेकिंजेस सहाही मुलांना घेऊन तिच्याबरोबर गेली. कॉनर मागे राहिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने एलिझाबेथशी लग्न लावले.

म्हणजे विटांचे घर उभे राहिले तेव्हा मेकिंजेसला जाऊन तीन वर्षे झाली होती. त्या स्वयंपाकघरात तिचे सोंग आणता येत नाही. ते खोटे ठरेल. आणि १८३६ चीच बाई बोलणार असेल, तर पाहुण्याने विचारल्यावाचून पहिलीचे नाव ती कशाला काढील? सवतीचे नाव कोण काढते!

संग्रहालयाने पुढे लेनापी छावणीही उभारली, ती १८१६ सालची. हे योग्यच झाले. दुसरा एक मार्ग मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ येथील संग्रहालयात दिसतो. तिथल्या इंग्रजांच्या खेड्यात माणसे जुन्या काळची सोंगे घेऊन बोलतात, परंतु शेजारच्या वाम्पानोआग वस्तीतली मूळ रहिवाशांची माणसे पोशाख जुना घालूनही आजच्या काळातली म्हणूनच बोलतात. त्यामुळे पुढे काय झाले ते त्यांना सांगता येते. मेकिंजेसविषयी बोलावयाचे तर मला हाच मार्ग बरा वाटतो. तिचे बोलणे कोणी लिहून ठेवलेले नाही. तिच्या तोंडी आपण वाक्ये घालायची म्हणजे ती आपलीच व्हायची.

मेकिंजेसचा मुलगा जॉन पुढे लेनापींचा प्रमुख झाला. त्या जमातीचे एक मुख्य ठाणे आज ओक्लाहोमा राज्यात बार्टल्सव्हिल येथे आहे. आपल्यापैकी कुणाची लेक-सून तिकडे असेल आणि इंडियानात जाण्याचा योग आला, तर कॉनरचे घर जरूर पाहा. कोणी वेषधारी बाई भेटली तर साबणाची कृती विचाराच. आणि मग विचारा, या घराच्या आधी नदीकाठी कोण नांदत होती?